तेरा धडे, तेरा चोर

टिटवाळा, १२ जून २०२४

मेघना,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं दिसतंय ना? मुद्दाम तसंच ठेवलंय.

हे पत्र आज तुला मिळणार नाही. तारीख घालून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवणार आहे. काम झालं की सगळी पत्रं एकगठ्ठा पाठवीन. तारीख अशासाठी, की निशाने हे सगळं मागाहून रचलं असं तुला म्हणता येऊ नये. रचून सांगायची सवय तुझी, माझी नाही.

तर बातमी अशी, की मी ठाण्यात नोकरीला लागले. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत, सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून. हस. बेचाळीस वर्षांची नवखी. पहिल्या दिवशी रिसेप्शनवरच्या मुलीला वाटलं, मी कोणाची तरी आई आहे आणि डबा द्यायला आले आहे.

आमची कंपनी क्लासेससाठी ॲप बनवते. क्लासवाले आपल्या नोट्स आणि सोडवलेली गणितं पाठवतात, आम्ही ती मुलांच्या मोबाइलवर चढवतो. मूल उत्तर लिहितं, ॲप बरोबर की चूक ते सांगतं. त्याआधी आलेली उत्तरं तपासायचा प्रोग्राम मी लिहिलाय. तो प्रत्येक गणित स्वतः सोडवतो आणि क्लासवाल्यांच्या उत्तराशी ताडून बघतो. जुळलं नाही तर ओळ लाल होते. थोडक्यात, पंधरा वर्षं वह्या तपासल्या, अजूनही तेच करते. फक्त आता गप्प बसून केलं तरी चालतं.

परवा सिद्धेश माझ्या टेबलाशी आला. सिद्धेश आमचा टीम लीड, सत्तावीस वर्षांचा. मला ताई म्हणतो आणि माझी रजा तोच मंजूर करतो. म्हणाला, "ताई, डोंबिवलीचे नवीन क्लासेस आलेत. दहावी गणित, तेरा धडे. जरा चालवून बघा ना."

फाइल उघडली. मुखपृष्ठावर तुझा फोटो, मोतिया साडीतला. खाली, 'पंधरा वर्षांच्या अनुभवातून साकारलेल्या मेघना टीचर यांच्या स्वतःच्या नोट्स'.

पहिल्या पानावर पहिलं उदाहरण. 'जाईबाईने पहिल्या दिवशी फुलांच्या पाच माळा केल्या, दुसऱ्या दिवशी आठ...' जाईबाई माझी आई आहे, मेघना. आत्ता आत भाजी निवडत बसली आहे. चोरी करताना माणूस निदान नाव तरी बदलतं. तू तेवढीही तसदी घेतली नाहीस.

प्रोग्राम चालवला. तेरा ओळी लाल झाल्या. प्रत्येक धड्यात एक, बरोब्बर एकच. सिद्धेश मान हलवत म्हणाला, "ताई, तुमच्या कोडमध्ये बग आहे. प्रत्येक चॅप्टरला एकच चूक? असं नॅचरली होत नाही यार."

कोडमध्ये काही चुकलं नव्हतं. ते माझे चोर होते.

तू माझ्या तासाला कधी बसली नाहीस, म्हणून तुला माहीत नाही. तू सायन्स आणि मराठी घ्यायचीस आणि माझ्या तासाला ऑफिसात पालकांशी गोड बोलत बसायचीस. मी नोट्स काढताना प्रत्येक धड्यात एक उत्तर मुद्दाम चुकीचं लिहायचे. धडा सुरू करताना मुलांना सांगायचे, "यात एक चोर आहे. मी लिहिलंय म्हणून बरोबर असं समजू नका. जो पकडेल त्याला चिक्की." मुलं एकेक गणित उलटंपालटं करून बघायची. आपले निकाल कशामुळे लागायचे असं तुला वाटत होतं? तुझ्या फ्लेक्समुळे?

हे मी कधी कागदावर लिहिलं नाही. फक्त तोंडाने सांगितलं. आणि तू उचललास तो कागद.

मला एकच गोष्ट हवी आहे. या नोट्स कोणाच्या, हे तुझ्या क्लासच्या पालकांसमोर, भर सभेत, मोठ्याने बोललं जायला हवं. मोठ्याने बोलायला माझ्याकडे आवाज राहिलेला नाही. म्हणून दुसरा रस्ता काढते.

निशा दगडू तांबे


टिटवाळा, २० जून २०२४

मेघना,

तू तर माझ्या अपेक्षेच्याही पुढे गेलीस.

आमच्याकडे नियम आहे. लाल ओळींची यादी क्लासवाल्यांना पाठवायची. त्यांनी उत्तरं दुरुस्त करायची, नाहीतर 'आहेत तशीच ठेवा' असं लेखी कळवायचं. मी यादी पाठवली. खाली कंपनीचं नाव असतं, माझं नसतं. दुपारी दोन वाजून चार मिनिटांनी गेली. दोन वाजून पंधरा मिनिटांनी तुझं उत्तर.

'या नोट्स मी स्वतः तयार केल्या आहेत. इतक्या वर्षांत एकाही पालकाची तक्रार नाही. कृपया आपलं मशीन तपासावं. सर्व उत्तरं आहेत तशीच ठेवावीत.'

अकरा मिनिटांत तेरा गणितं तुझ्याच्याने सुटत नाहीत. तू यादी उघडलीसुद्धा नाहीस. मी गेल्यावर गणिताला दोन सर ठेवलेस. निदान त्यांना तरी दाखवायची. पण ते आपापल्या वह्यांतून शिकवतात, तुझ्या नोट्स मुलांच्या दप्तरात नुसत्या शोभेला असतात, आणि कोणी विचारलंच तर 'छपाईची चूक' म्हणून मोकळे होतात. हे मला कसं कळलं? तुझी जुनी मुलं अजून मला मेसेज करतात. अडवून बघ.

सिद्धेश खूश झाला. "क्लायंटने साइन केलं ना ताई? मग आता हात लावायचा नाही. उद्या काही झालं तर त्यांची जबाबदारी."

मी मान डोलावली.

तुला या नव्या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. आमच्या कोडमधल्या प्रत्येक ओळीच्या मागे लिहिणाऱ्याचं नाव राहतं. तारीख आणि वेळ सुद्धा. कोणी ती ओळ पुसली तर कोणी पुसली, कधी पुसली, तेही राहतं. दोन वर्षांनी उघडून बघा, नाव जागेवर. मला हे पहिल्यांदा कोडिंगच्या कोर्समध्ये शिकवलं तेव्हा मी खाली मान घालून रडले. बाजूच्या मुलाला वाटलं, काकूंना जमत नाहीये.

निशा दगडू तांबे


टिटवाळा, ३० जून २०२४

मेघना,

आज आईने विचारलं, ठाण्याच्या कामात एवढी कसली गुंतली आहेस. मी सांगितलं. सगळं नाही, थोडं. तर ती म्हणते, "अगं, त्या पोरीनं एकवीस दिवस तुझ्यासाठी डबा आणला होता. मुगाची खिचडी. मी विसरणार नाय."

विसरायचं मलाही जमलेलं नाही. तोच तर त्रास आहे.

मानेतली गाठ थायरॉइडच्या कॅन्सरची निघाली तेव्हा मी आधी तुला फोन केला, आईला नंतर. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली असू शकते. तू माझा हात धरून म्हणालीस, "आवाज गेला तर मी आहे ना." नस कापावी लागली. शुद्धीवर आल्यावर मी तुझं नाव घेतलं आणि नुसती हवा बाहेर आली. तू रडलीस. ते रडणं खरं होतं, हे मी आजही मान्य करते.

आणि डबासुद्धा खरा होता. ठाकुर्लीहून रिक्षा करून यायचीस. खिचडीत जिरं कमी घालायचीस, मला ठसका लागतो म्हणून. तू मुळातच वाईट असतीस तर मला हे सगळं सोपं गेलं असतं.

सहा महिन्यांनी मी वर्गावर परत आले. कुजबुजल्यासारखा आवाज, तोही दहा मिनिटांनी दमायचा. तू कॉलरचा माइक आणलास. त्यातून माझा श्वास जास्त आणि शब्द कमी ऐकू यायचे. मागच्या बाकावरची मुलं पुढे सरकून बसायला लागली. मुलांची तक्रार नव्हती गं. तक्रार पालकांची होती. दोन आठवड्यांनी तू मला ऑफिसात बसवून म्हणालीस, "निशा, पालकांना आवाज हवा असतो. तू घरी बसून नोट्स काढ. क्लास तुझाच आहे."

पाटीवर फक्त तुझं आडनाव असावं, हे आपण दोघींनी मिळून ठरवलं होतं. का, ते आपण कधी मोठ्याने बोललो नाही. तेव्हा मला ते व्यवहाराचं वाटलं. क्लास माझाच, तर पाटीने काय बिघडतं?

मी चार महिने बसून तेराही धडे नव्याने लिहून दिले. मान दुखायची, गोळीने हातपाय जड व्हायचे, तरी लिहिले. शेवटचा धडा तुझ्या हातात दिला त्याच आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर तुझा मेसेज, 'निशा टीचर प्रकृतीच्या कारणाने स्वेच्छेने निवृत्त होत आहेत.' चाळिशीत निवृत्त! मी ग्रुपवर उत्तर टाइप करेपर्यंत तू मला काढून टाकलंस. फोन केला, तर मी बोललेलं तुला ऐकू येत नव्हतं, की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. तू नुसती "हॅलो, हॅलो" करत राहिलीस आणि ठेवलास. त्या हॅलोचा मला जितका राग आहे तितका कॅन्सरचाही नाही.

त्यानंतर मी एक वर्ष घरात बसून कोडिंग शिकले. आधी फुकटचे व्हिडिओ, मग ठाण्यात सहा महिन्यांचा कोर्स. सोबतची मुलं माझ्या निम्म्या वयाची. मुलाखतीत मी पाटी-पेन्सिल मागितली आणि उत्तरं लिहून दिली. समोरचा म्हणाला, बोलायची गरजच नाही मॅडम, कोड दाखवा. एवढं सन्मानाचं वाक्य मला दोन वर्षांत कोणी बोललं नव्हतं.

आईला सांगितलं, खिचडीची परतफेड मी नोट्स लिहून केली. आता उरलेलं.

निशा दगडू तांबे


टिटवाळा, १४ जुलै २०२४

मेघना,

गुरुपौर्णिमा! तूही ना, मुहूर्त शोधण्यात पटाईत. येत्या रविवारी, २१ तारखेला, डोंबिवलीच्या हॉलमध्ये ॲपचं उद्घाटन. चारशे पालक. निमंत्रणपत्रिका आमच्या ऑफिसात आली, पेढ्यांच्या पुड्यासकट. सिद्धेशने मला पेढा दिला. मी खाल्ला नाही, पण टाकलाही नाही.

कार्यक्रम असा आहे. मुलं तुझं पूजन करणार. मग तू बोलणार. मग पडद्यावर ॲप दिसणार आणि दहावीची एक मुलगी स्टेजवर येऊन सगळ्यांसमोर एक गणित सोडवून दाखवणार. सिद्धेश माइकवर, लॅपटॉपवर मी.

गणित मी निवडलंय. अंकगणिती श्रेढीच्या धड्यातलं. 'दोन अंकी संख्यांपैकी किती संख्यांना चारने भाग जातो?' तुझ्या नोट्समधलं उत्तर एकवीस. शहाण्णवातून बारा वजा केले, चारने भागलं, एकवीस. दहापैकी चार मुलं तिथेच थांबतात. खरं उत्तर बावीस. कारण ज्या बारापासून सुरुवात केली ते बारा मोजायचेच राहतात. पहिलीच मोजायची राहते. मी या चोरावर फार प्रेम केलंय.

मुलांचं काय, असं तू विचारशील. चूक उत्तरं बरोबर म्हणून शिकतील त्यांचं काय? दहावीचं वर्ष आहे, टीचर असून तुला काही वाटत नाही का?

विचार. या प्रश्नाचं उत्तर मी तुला देणार नाही.

आई त्या दिवशी विहारात असेल. तिची आषाढ पौर्णिमा, वर्षावास सुरू होतो. मला म्हणाली, चल माझ्याबरोबर, वंदना नुसती ऐकलीस तरी चालेल. मी म्हटलं, मला डोंबिवलीला काम आहे. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आईला फसवणं मला लहानपणापासून जमत नाही.

निशा दगडू तांबे


टिटवाळा, २१ जुलै २०२४

मेघना,

तू मला ओळखलं नाहीस.

मी स्टेजच्या कडेला, पडद्याशी, लॅपटॉप घेऊन बसले होते. केस आखूड आहेत, वजन वाढलंय, चष्मा आलाय, मानेला ओढणी गुंडाळलेली. सगळं मान्य. पण नऊ वर्षं आपण एका टेबलावर डबा खाल्ला. आज तू माझ्यासमोरून गेलीस, खाली बघून म्हणालीस, "मॅडम, ती वायर जरा बाजूला घ्या ना, मुलं अडखळतील," आणि पुढे गेलीस.

त्या वाक्यापर्यंत मी विचार बदलू शकले असते. दुसरं गणित तयार ठेवलं होतं, साधं, चोर नसलेलं. वायर बाजूला घेतली आणि ते दुसरं गणित बंद केलं.

मग तुझं पूजन झालं. शाल, श्रीफळ, मुलांच्या रांगा. तू भाषणात म्हणालीस, "या नोट्सचं एकेक पान मी घरचं सगळं सांभाळून, पहाटे उठून लिहिलंय." टाळ्या. सिद्धेशने नाव पुकारलं, आणि स्टेजवर आली तुझी सान्वी. केवढी उंच झाली आहे! तिने पडद्यावरचं गणित वाचलं. जरा थांबली. तिने तुझ्याकडे बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे. मग बावीस लिहिलं.

पडदा लाल झाला. 'उत्तर चूक. योग्य उत्तर २१.'

हॉलमध्ये हशा पिकला. तू माइक हातात घेऊन लाडात म्हणालीस, "घरचीच घाबरली! अगं सान्वी, मशीन चुकत नाही आणि तुझी आई तर त्याहून नाही. पुन्हा बघ बरं."

ती हळू बोलली, "आई, राहू दे ना." माइक तुझ्या हातात होता, म्हणून ते सगळ्यांना ऐकू आलं. तू ऐकलं नाहीस. म्हणालीस, "राहू दे काय? सांग सगळ्यांना, कुठे चुकलीस."

तेव्हा तिने तुझ्या हातातून माइक घेतला.

"मी चुकले नाही. हे चोर गणित आहे. निशा टीचर प्रत्येक धड्यात एक ठेवायच्या. खोटं वाटत असेल तर मोजून बघा. बारा, एक. सोळा, दोन. वीस, तीन..."

आधी पहिल्या रांगेतली मुलं मोजायला लागली. मग आया. मग मागे उभे असलेले बाप. ऐंशीपर्यंत येता येता चारशे माणसं एका सुरात मोजत होती. "ब्याण्णव, एकवीस! शहाण्णव, बावीस!" मेघना, तुझ्या हॉलचं छप्पर हाललं असेल. माझ्या गळ्यातून दोन वर्षांत जेवढा आवाज निघाला नाही तेवढा त्या एका मिनिटात निघाला.

कोणीतरी बाई मागून ओरडली, "निशा टीचर कुठे आहेत हो?" दुसरी म्हणाली, "माझा मोठा त्यांच्याकडेच शिकला, या त्यांच्याच नोट्स." तू म्हणालीस, "निशा टीचर आमच्या जुन्या..." आणि पुढचं तुझ्या तोंडून निघेना. तू हॅलो हॅलो केलंस, माइक चालू आहे का बघायला. ते माझ्यासाठी होतं असं मी धरते.

मी उठले नाही. लॅपटॉप मिटला. सिद्धेश घाम पुसत म्हणाला, "आपण सेफ आहोत ताई. क्लायंटने साइन केलंय."

येताना कल्याणला उतरून तेरा चिक्क्या घेतल्या. एकेका धड्याची एक. आज मी जिंकले, मेघना. जे हवं होतं ते अगदी जसं हवं होतं तसं मिळालं.

चिक्की मला आता गिळवत नाही, म्हणून तशाच आहेत.

निशा दगडू तांबे


टिटवाळा, २८ जुलै २०२४

मेघना,

आज सान्वी आली होती. तुला सांगून आली की नाही ते माहीत नाही. आईने दार उघडलं आणि 'ये गं बाय' म्हणून तिला आत घेतलं. तिने आईला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "माळा करणाऱ्या जाईबाई तुम्हीच ना?"

माझं बोलणं तिला नीट ऐकू येईना. तर तिने खुर्ची उचलली आणि माझ्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ आणून बसली. मग म्हणाली, "आता बोला."

मी म्हटलं, कशी आहेस.

"टीचर, लॅपटॉपवर तुम्ही होतात, मी स्टेजवरूनच ओळखलं. आठवडाभर मी ॲप बघतेय. बाकीचे बारा चोर कुठे गेले?"

"दुरुस्त केले."

"कधी?"

"जूनमध्येच, ॲप सुरू व्हायच्या आधी. एखाद्या मुलाचं बरोबर उत्तर चूक धरलं गेलं असतं तर..."

तुला मी न दिलेलं उत्तर हे आहे. तू 'आहेत तशीच ठेवा' लिहून दिलंस त्याच संध्याकाळी मी बारा उत्तरं बदलली. परवानगीशिवाय. सिद्धेशने हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. प्रत्येक बदलामागे माझं नाव आहे, वेळ आहे. त्याने अजून उघडून बघितलेलं नाही. बघेल तेव्हा माझी नोकरी राहील की नाही, सांगता येत नाही.

"आणि एकच का ठेवलात?" सान्वीने विचारलं.

मी गप्प राहिले. आवाज नसल्याचा एक फायदा असतो, गप्प राहिलं तर लोक समजून घेतात. तिने समजून घेतलं नाही.

"स्टेजसाठी माझं नाव कोणी दिलं? आईने तर दहा नावांची यादी पाठवली होती."

"मी," म्हटलं. "यादीतून मी निवडलं."

मागच्या पत्रात मी लिहिलंय, वायरच्या त्या वाक्यापर्यंत विचार बदलू शकले असते. ते खोटं आहे. दुसरं गणित तयार होतं, पण ते मी वापरणार नव्हतेच. यादीत सान्वीचं नाव दिसलं त्या क्षणी सगळं ठरलं होतं. मला माहीत होतं, ही पोर बावीसच लिहिणार. सातवीत असताना दहावीच्या वर्गात मागे बसून हिने माझा पहिला चोर पकडला होता. आणि मला हेही माहीत होतं, की तुला दुसऱ्या कोणाच्या मुलीने तोंडावर पाडलं असतं तर तू सावरून घेतलं असतंस.

सान्वीने पिशवीतून एक लांब वही काढली. आत तेरा ओळी. धडा, पान, चुकीचं उत्तर, खरं उत्तर आणि पुढे तारीख. पहिली तारीख आठवीतल्या दिवाळीची, शेवटची नववीच्या मार्चमधली. तेराच्या तेरा. माझा प्रोग्राम जे चार सेकंदांत करतो ते हिने तुझ्या घरात, तुझ्याच टेबलावर बसून दीड वर्षात केलं होतं.

मी विचारलं, "मग आईला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आईने दुरुस्त केले असते ना. सगळं तुमचं आईने पुसलं होतं, टीचर. हे तेवढे तेरा राहिले होते. मी म्हटलं, राहू देत."

ती हे शांतपणे बोलली. रडत होते ते मी.

दोन वर्षं मी तुला शिव्या घालतेय, की तू माझं नाव पुसलंस. तू पुसल्यावरही माझं असं जे काही त्या कागदांत उरलं होतं, ते तुझी मुलगी राखत बसली होती. आणि त्यातले बारा मी स्वतः पुसले, एक उरला तो तिच्या हातात देऊन तिच्या आईवर फेकायला लावला.

मी तिची माफी मागितली. कागदावर लिहून नाही, तोंडाने, दोनदा. तिला ऐकू आली.

आईने चिक्कीचा पुडा आणून तिच्यापुढे ठेवला. मी म्हटलं, तेरा पकडलेस, तेराही तुझ्या आहेत. सान्वीने एकेक मोजून पिशवीत टाकल्या. बारा झाल्यावर थांबली. तेरावी उचलली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"स्टेजवरचा मी पकडला नाही," म्हणाली. "तो तुम्ही माझ्याकडून पकडून घेतलात. तो धरायचा नाही."

आणि चप्पल घालून गेली. आई तिला रिक्षापर्यंत सोडायला गेली.

मेघना, तुझ्यावरचा राग तसूभरही कमी झालेला नाही, हे नीट समजून घे. तुझी माफी मी मागत नाहीये आणि तुला माफही केलेलं नाही. ही सहाही पत्रं उद्या कल्याणच्या पोस्टातून रजिस्टर करते. त्यांवर माझं नाव आहे, तारीख आहे. बारा उत्तरं बदलल्याचा कबुलीजबाब याच पत्रात आहे. कंपनीला दाखवायचा असेल तर दाखव, माझं कोड उघडून कुठे बघायचं ते सिद्धेशला कळेल. पण त्याआधी सान्वीला विचार. आपल्या दोघींनाही तिला एकदा विचारायची सवय लागायला हवी.

तेरावी चिक्की अजून टेबलावर आहे. आईने दोनदा उचलायला हात पुढे केला, मी नको म्हटलं.

निशा